वैजयंताचा बाक

"उठ कुशे. रोज रोज तूच बसणार होय इथं?"

"मी आधी आलेय."

"आधी म्हणजे किती आधी? झाडणाऱ्या मावशी यायच्या आधी? हॉलमध्येच झोपतीस का काय?"

दारातूनच मला हे ऐकू आलं. सकाळच्या बॅचच्या मुली आत शिरत होत्या आणि खिडकीजवळच्या त्या एका बाकाभोवती नेहमीसारखी गर्दी झाली होती. मधोमध कुशावर्ता बसली होती, दोन्ही हातांनी कड घट्ट पकडून, गर्दीच्या एसटीत जागा धरावी तशी. तिच्यासमोर बाकाच्या लाकडावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. चाचणी जवळ आली की ती उमटायचीच. कोण लावून जायचं, कुणी सांगत नसे.

मी आत आले तशा मुली बाजूला झाल्या.

"ताई, हिला सांगा ना. तुमच्या बाकावर आळीपाळीनं बसायचं ठरलंय आमचं."

"आणि ही नुसती बसत नाही, ताई. बसायच्या आधी डोकं टेकती."

"तू नाही टेकत? परवा कोण टेकलं होतं?"

सगळ्या हसल्या. कुशावर्ता नाही हसली. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला उठवते की काय, एवढाच प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता. मी म्हटलं, "आजचा दिवस बसू दे तिला," आणि खडू घ्यायला वळले.

लातूरच्या ट्यूशन एरियात होळकुंदे सरांचा क्लास होता. त्या क्लासच्या नव्या हॉलमधल्या या बाकाला मुलं-मुली 'वैजयंताचा बाक' म्हणायची. वैजयंता म्हणजे मी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, क्लासच्याच इमारतीत मागच्या खोलीत राहत होते आणि कॉलेज सुटलं की डाउट काउंटरला बसत होते. म्हणजे मुलांनी अडलेलं गणित घेऊन यायचं आणि मी सोडवून द्यायचं. गच्चीवर एक भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर माझा चेहरा आणि खाली लाल अक्षरं: 'बारावी विज्ञान २०१०. गणितात १०० पैकी १००. पहिल्या चाचणीत फक्त १८!'

बारावीच्या आधी मी त्या क्लासचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्या बाकावर तर कधी बसलेच नव्हते.

आमचं गाव चाकूरच्या पलीकडे. अण्णांचं शिलाईचं दुकान. कापड बेतायच्या टेबलाखाली बसून मी वाढले. वर अण्णांनी खडूनं रेघ मारली की खाली बसल्या बसल्या मला कळायचं, तुकडा केवढा उरणार. कसं कळायचं, ते सांगता यायचं नाही. बाजाराच्या गर्दीत आपली आई पाठमोरी असली तरी ओळखू येते ना, तसं मला उत्तर ओळखू यायचं. तालुक्याच्या कॉलेजातून बारावी झाले, पेपरात एवढीशी बातमी आली, आणि चौथ्या दिवशी होळकुंदे सर शाल-नारळ घेऊन दुकानात हजर. अण्णांच्या दुकानात लोक फाटलेलं घेऊन यायचे. कुणी शाल घेऊन आल्याचं पहिल्यांदाच पाहिलं मी. मशीनवरचे कपडे बाजूला सारून त्यांनी सरांना स्टूल पुसून दिलं.

"मुलीच्या शिक्षणाचं, राहण्याचं सगळं माझ्याकडे," सर म्हणाले. "फक्त ही आमच्या क्लासची मुलगी आहे, असं सांगायची परवानगी द्या."

अण्णांना गहिवरून आलं होतं. "आवो, त्यात परवानगी कसली? आमची हाय, तशी तुमचीबी म्हणा."

त्या एका वाक्यावर फ्लेक्स छापला गेला. अठराचा आकडा सरांचा. मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, "नुसतं शंभर वाचलं की बाप घाबरतो. आधी अठरा वाचलं की त्याला वाटतं, आपल्या लेकराचंही होईल." आणि बाक? नव्या बॅचच्या स्वागताच्या भाषणात बोलता बोलता सरांचा हात सहज एका बाकावर पडला आणि ते म्हणून गेले, "इथं बसायची वैजयंता!" त्या दिवसापासून तो माझा झाला.

*

कुशावर्ता निलंग्याकडची. बारीक अंगाची, वेणीला कायम काळी रिबीन. काउंटरवर ती सगळ्यांच्या शेवटी यायची. मागे कुणी थांबलेलं नसलं म्हणजे बोलता येतं, म्हणून.

"ताई, हे."

तिनं एक छेद क्ष आणि एक छेद य यांची बेरीज केली होती: दोन छेद क्ष अधिक य. मी त्यावर काट मारली, बाजूला बरोबर उत्तर लिहिलं. "छेद समान करायचे आधी. झालं."

"हो ताई."

दोन दिवसांनी तीच चूक दुसरे कपडे घालून आली. मी परत काट मारली, परत लिहून दिलं. तिनं परत 'हो ताई' म्हटलं. मला खरंच वाटायचं की मी शिकवतेय.

एकदा ती उठता उठता थांबली.

"ताई, तुम्हाला अठरा पडले, त्या दिवशी तुम्ही काय केलं होतं?"

काचेपलीकडे सरांची केबिन होती. सर फोनवर कुणाशी तरी मोठ्यानं हसत होते.

"परत सोडवलं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

"मीपण सोडवते. रोज सोडवते." उपास नीट पाळतेय असं सांगावं, तसं ती म्हणाली. मग जवळ वाकून, गुपित सांगितल्यासारखी, "मला सोळा पडलेत ताई. तुमच्यापेक्षा दोनच कमी." आणि हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

तिची आई पद्मिनबाई. नवरा, सासू, म्हैस सगळं गावाकडे टाकून लेकीला ताजी भाकरी मिळावी म्हणून दोन वर्षांसाठी इथं खोली करून राहिलेली. ट्यूशन एरियात अशा आया गल्लोगल्ली होत्या. दुपारी मारुतीच्या पायऱ्यांवर मेथी निवडत बसायच्या. सही करताना अंगठा पुढे करणाऱ्या बायका, पण 'सीईटी', 'कटऑफ', 'फिजिक' हे शब्द भाजीच्या भावासारखे तोंडात. पद्मिनबाई डबा द्यायला यायच्या तेव्हा माझ्यासाठी एक भाकरी जास्तीची असायची.

"मावशी, कशाला?"

"ऱ्हाऊ द्या मॅडम. तुमच्या हातगुणानं लेकरू निघू द्या म्हणजे झालं."

"मला मॅडम नका म्हणू हो. मी कुशीपेक्षा तीन वर्षांनी मोठी."

"मग काय म्हनू? एवढ्या मोठ्या फोटूवर हाव तुम्ही." आणि गच्चीकडे बघून हात जोडायच्या. मला तिथून कुठं पळून जावं ते कळायचं नाही.

*

पुढच्या चाचणीचा निकाल लागला आणि सरांनी जाहीर केलं, सोमवारपासून रँकप्रमाणे बसायचं. वरचे नव्या हॉलमध्ये, खालचे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्या बॅचला 'पाया बॅच' असं नाव होतं. कुशावर्ताला नऊ पडले होते.

मी केबिनमध्ये गेले.

"ये, बस. चहा घेतेस?" सर माणूस म्हणून वाईट नव्हते. गावाकडून एकटं आलेलं पोर आजारी पडलं तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात न्यायचे, आईला फोन लावून द्यायचे.

"सर, कुशावर्ताला त्या बाकावर राहू द्या."

"कोण? ती निलंग्याची? अगं, सोळावरून नऊवर आली ती. नऊवालं लेकरू तिथं बसलं तर बाकाची काय इज्जत राहील?"

"सर, त्या बाकाला इज्जत कुठली आलीय, मी तर—"

"हळू." त्यांनी उठून दार लावलं. परत बसले ते माझ्या बाजूच्या खुर्चीत, वडीलधाऱ्यासारखे. "मला सांग, तू हुशार आहेस हे खोटं आहे?"

"नाही."

"शंभर पडले, ते खोटं आहे?"

"नाही."

"मग उरलं काय? एक बाक आणि एक अठरा. बाळ, पोरांना आशा लागते. ती कुणाच्या तरी चेहऱ्यावर चिकटवून दाखवावी लागते. तुझा चेहरा चांगला आहे, लोकांना आपल्या घरातला वाटतो. त्यात तुझं काय गेलं?"

मी चहा पिऊन बाहेर आले.

*

सोमवारी दुपारी पद्मिनबाई काउंटरवर आल्या. डबा छातीशी धरलेला.

"मॅडम, कुशी इकडं आलती का?"

"नाही. शेडमध्ये असेल."

"तिथं न्हाई. खोलीवर बी न्हाई. सकाळी च्या सुदीक पिली न्हाई तिनं. पन चप्पल खालीच हाय तिची, रॅकमधी. मी वळखली. अंगठा मीच शिवून दिलता."

चप्पल खाली होती म्हणजे ती इमारतीतच होती. मी झाडणाऱ्या मावशींना बाथरूमकडे बघायला पाठवलं आणि वर धावले. नव्या हॉलमध्ये जेवणाची सुट्टी होती, कुणी नव्हतं. तो बाक ओल्या फडक्यानं पुसलेला दिसला. हळदीकुंकू गेलं होतं आणि पहिल्या रँकच्या मुलीचं नाव कागदावर छापून चिकटवलं होतं. गच्चीच्या दाराला एरवी कडी असते. ती निघालेली होती.

गच्चीवर वारा होता. फ्लेक्स लोखंडी सांगाड्यावर फडफडत होता, प्रत्येक झोताला पोट फुगवून परत आत घेत होता. मागून बघितला तर उजेड आरपार येत होता आणि माझा चेहरा उलटा, पिवळट, कुणातरी दुसरीचा वाटत होता. त्याच्या सावलीत, सांगाड्याच्या दोन पट्ट्यांमध्ये, कठड्यावर कुशावर्ता बसली होती. पाय बाहेरच्या बाजूला. ओढणी कंबरेला बांधलेली.

मी दारातच थांबले.

"कुशे."

"जवळ नका येऊ ताई."

"नाही येत. इथंच बसते." मी होते तिथंच खाली बसले. फरशी तापलेली होती, तरी बसले.

"इथनं तुम्ही उलट्या दिसताव," ती म्हणाली.

"आई आलीय खाली. डबा घेऊन."

"तिला सांगा, तू जेव म्हनावं. माझ्यावाचून जेवत नाही ती. मी जेवले का, मी वाचलं का, मी झोपले का. तिकडं आजी म्हणती, पोरीसाठी नवरा उपाशी ठेवला. आन् मी हिला नऊ आणून दिले."

फ्लेक्स फडफडला. ती पट्टीला धरून थोडी पुढे झुकली आणि परत नीट बसली.

"ताई, एक विचारू? खरं सांगताल?"

"विचार."

"तुम्हाला अठरा होते. तुम्ही परत सोडवलं, तुम्हाला शंभर पडले. मला सोळा होते. मीबी परत सोडवलं. त्याच बाकावर बसून सोडवलं. डोकं टेकून सोडवलं. मला नऊ पडले." तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "मग माझ्यात काय किडलंय, ताई?"

इतके महिने मला वाटत होतं, त्या अठराचा तिला आधार आहे. आधार नव्हता तो. गळ्यात बांधलेला वरवंटा होता.

"मला अठरा कधीच पडले नव्हते," मी म्हटलं.

"मी या क्लासला शिकले नाही, कुशे. तो बाक माझा नाही. बारावी झाल्यावर सर आमच्या घरी आले, तेव्हा पहिल्यांदा मला क्लासचं नाव कळलं."

"समजूत काढायलाव तुम्ही."

"नाही."

"मला खाली उतरवायला म्हणायलाव. कुणीबी हेच म्हणल."

तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मीही ठेवला नसता विश्वास. मी आणाभाका घेतल्या असत्या तरी त्या समजुतीच्याच वाटल्या असत्या. तिला असं काहीतरी हवं होतं जे माझ्या तोंडून येणार नाही.

"खाली, चपलांच्या रॅकमागे एक दगड आहे," मी म्हटलं. "कोनशिला. हा हॉल कधी सुरू झाला ते कोरलंय तिच्यावर. आणि इथं तुझ्या डोक्यावर मी बारावी झाले ते साल आहे. ते वाच, मग तो दगड वाच, आणि वजाबाकी कर. माझ्यावर नको विश्वास ठेवूस. वजाबाकीवर ठेव."

तिनं मान वर केली. उलट्या अक्षरांमधून साल शोधायला तिला वेळ लागला. ओठ हलले. दोन हजार दहा.

"दगडावर काय आहे?"

ते साल माझ्या जिभेवर होतं. सवयीनं बाहेरच पडत होतं. मी दात मिटून घेतले.

"मी नाही सांगणार. तू वाच."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत राहिलं. मग तिनं एक पाय आत घेतला. दुसरा तिला उचलता येईना, मुंग्या आल्या होत्या. आता मी गेले. दंड धरून तिला आत ओढलं.

जिन्यात ती हळूच म्हणाली, "मी काही करणार नव्हते ताई. नुसती बसले होते. मग उतरताच येईना झालं."

मी तिचा दंड सोडला नाही.

*

खाली पद्मिनबाई पायरीवर उभ्या होत्या. लेक दिसली तसं त्यांनी तोंड उघडलं, पण कुशावर्ता त्यांच्याकडे न बघता रॅकपाशी उकिडवी बसली आणि चपला उपसायला लागली. लाल, काळ्या, तुटक्या पट्ट्यांच्या, भराभर मागे टाकत होती.

"काय करायलीस गं? लोकाच्या चपला कशाला उपसायलीस? मॅडम, हिला काय झालं?"

"मावशी, जरा थांबा."

रॅक सरकवला. मागं धूळ, जाळी, नारळ फोडल्याचे जुने डाग. तिनं तळहातानं दगड पुसला आणि अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं. शुभहस्ते, प्रमुख पाहुणे, त्यांच्या पदव्या, सगळं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"गुढीपाडवा. दोन हजार अकरा."

ती तिथंच चपलांच्या ढिगावर बसली.

"तुम्ही बारावी झालाव तेव्हा हा हॉल नव्हता."

"नव्हता."

"बाक नव्हता."

"नव्हता."

"अठरा?"

"सरांनी लिहिले."

"म्हणजे तुम्हाला..." ती अडखळली. "तुम्हाला पहिल्यापासूनच येतं? परत न सोडवता?"

हो म्हणणं फार जड गेलं. एवढी राबणारी पोर समोर चपलांवर बसलेली, आणि तिला सांगायचं की मी राबलेच नाही.

"हो. मला गणित कधी अवघड गेलंच नाही, कुशे. कसं येतं ते मलासुद्धा माहीत नाही."

मला वाटलं, आता ही एखादी चप्पल उचलून फेकेल. फेकली असती तर मी खाल्ली असती. पण तिचा चेहरा सैल पडत गेला, गाठ सुटावी तसा, आणि ती एकदम रडायला लागली. लहान पोर रडतं तशी, तोंड उघडं टाकून.

"मंग मी खराब न्हाई," ती आईकडे बघून म्हणाली. क्लासमध्ये जपून वापरायची ती भाषा गळून पडली होती. "माय, मंग मी किडलेली न्हाई."

पद्मिनबाईंना त्यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी डबा पायरीवर ठेवला, खाली बसल्या आणि लेकीचं डोकं पोटाशी ओढून घेतलं. "कोन म्हनलं गं तुला किडकी? कोन म्हनलं? नाव सांग मला."

तोवर मुली जमल्या होत्या. जिन्यावरून सर उतरले.

"काय चाललंय इथं? वैजयंता, काय सांगितलंस तिला?"

"काही नाही सर. वजाबाकी."

सरांची नजर रॅकवरून दगडावर गेली आणि तिथून माझ्यावर आली. ते ओरडले नाहीत. "सगळ्या वर चला, तास सुरू होतोय," एवढं म्हणून दगडाच्या पुढ्यात उभे राहिले. मुली हलल्या; पण बाकावरून कुशावर्ताशी भांडणारी ती एक, मान वाकडी करून सरांच्या बाजूनं वाचायला बघत होती.

"रॅक जागेवर ठेव," सर मला हळू आवाजात म्हणाले.

मी हलले नाही.

"वैजयंता, तुझे वडील मला काय म्हणाले होते, आठवतंय?"

"आठवतंय. तुमचीबी म्हणा, म्हणाले होते."

"मग?"

"दारात शाल घेऊन आलेल्या पाहुण्याला बोलले होते ते, सर."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "उद्या सकाळच्या बॅचला उभी राहा आणि सांग की ही थट्टा होती. नाहीतर खोली आज सोड."

रॅक शेवटी त्यांनी स्वतःच ढकलला. एकट्यानं ढकलताना फरशीवर केवढा आवाज झाला.

माझी एक ट्रंक होती आणि एक वळकटी. मी ती घेऊन खाली आले तेव्हा पद्मिनबाई अजून फाटकात उभ्या होत्या, लेकीचा हात धरून. तोवर कुशावर्तानं त्यांना काय काय सांगितलं होतं कोण जाणे. त्यांनी मान वर करून गच्चीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलतील. त्यांना बोलायचा हक्क होता.

त्यांनी माझ्या हातातली वळकटी ओढून काखेत मारली.

"चल गं लेकरा," त्या म्हणाल्या. "खोली बारकी हाय आमची. पन पंखा हाय."

त्यानंतर त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नाही.

*

कुशावर्तानं क्लास सोडला, पण ती गावी परतली नाही. बारावीला तिला गणितात काठावरचे गुण पडले आणि त्या दिवशी आम्ही तिघींनी पेढे खाल्ले. पुढे तिनं नर्सिंग केलं. माझी लेक जन्मली तेव्हा तिला दुपट्यात गुंडाळून पहिल्यांदा माझ्या कुशीत ठेवणारे हात तिचेच होते. पण हे सगळं नंतरचं. आज मी गणित शिकवते; मला शिकवता यायला लागलं ते त्या पहिल्याच संध्याकाळपासून, असं लोक समजतात. मीच तसं सांगत आले आहे. खरं म्हणजे त्या संध्याकाळी एवढंच झालं:

पद्मिनबाई स्टोव्हसमोर भाकरी थापत होत्या. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो होतो. पंखा खरंच होता, आणि खडखडत का होईना, फिरत होता.

"ताई, आता खरं सांगू?" कुशावर्ता म्हणाली. "मला ना, अपूर्णांकच कळले नाहीत कधी. पाचवीत आमचे गुरुजी बदलून गेले, ते दुसरे येईस्तोवर वर्ष संपलं. तवापासून मी नुसतं हो म्हणते."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तुम्हालाबी."

मी पुढे वाकले, टोपल्यातली भाकरी उचलली आणि मधोमध धरली. "हे बघ, ही एक—"

माझ्या मनगटावर पिठाचा हात चापटला.

"खायच्या भाकरीचं गनित करू नगंस," पद्मिनबाई म्हणाल्या. "लेकरू सकाळपासून उपाशी हाय. तू बी कुठं जेवलीस? आधी खावा."

कुशावर्ताला हसू फुटलं. मलाही. मी भाकरी तिच्या ताटात टाकली.

"खा," मी म्हटलं. "आणि मग तू मला सांग, काय कळत नाही ते. पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही."

तिनं घास मोडला, कालवणात बुडवला, चावता चावता समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. घास गिळून म्हणाली,

"पहिलं म्हणजे, ताई, एक आकडा वर आन् एक खाली, मधी रेघ. ती रेघ कशाची असती?"

आयुष्यात मला कधी हा प्रश्न पडलाच नव्हता.

मी मांडी घालून नीट बसले.